एकास चोवीस
(तृतीय वर्ष कला, इतिहास)

'छंद' या शब्दाला आपल्याकडे अजूनही थोडा रिकामटेकडेपणाचा वास येतो. टपाल तिकिटे किंवा जुनी नाणी जमविणाऱ्याला निदान 'अभ्यासू' म्हणून सूट मिळते. परंतु विशी गाठलेला मुलगा टेबलावर प्लॅस्टिकची मोटारगाडी जोडीत बसलेला दिसला, की घरचे, शेजारचे आणि वर्गातले सगळे एकच प्रश्न विचारतात : "अजून खेळण्यातल्या गाड्यांशी खेळतोस?" या प्रश्नाला उत्तर द्यावे म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे. हा छंद कसा जोपासावा, हा लेखाचा मुख्य विषय आहे. मात्र ज्या प्रसंगाने या छंदाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली तोही शेवटी सांगणार आहे. त्यावाचून बाकीची माहिती अपुरी राहील.

खेळणे आणि प्रतिकृती

खेळणे हातात धरण्यासाठी असते. मुलाच्या मुठीत मावावे म्हणून त्याची चाके जाड केलेली असतात, दारे उगाच फुगविलेली असतात, आणि त्यात काही चूक नाही. प्रतिकृती मात्र एक वचन देते : मूळ गाडीचा प्रत्येक भाग एकाच आकड्याने लहान केलेला असेल. त्या आकड्याला प्रमाण म्हणतात. मोटारींच्या जोडकामाच्या संचांत, म्हणजे किटमध्ये, १:२४ आणि १:२५ ही प्रमाणे सर्वांत रूढ आहेत. १:२४ म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. लहान धातूच्या गाड्यांचे १:४३ हे चमत्कारिक वाटणारे प्रमाण खेळण्यातल्या आगगाड्यांवरून आले. तेथे एका फुटाला सात मिलिमीटर धरीत.

या छंदाचा उगमही मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारविक्रेत्यांच्या दुकानांत नव्या गाडीची लहान तयार प्रतिकृती जाहिरातीसाठी ठेवीत. १९४८ साली मिशिगन राज्यात सुरू झालेली ए.एम.टी. ही कंपनी अशा प्रतिकृती प्रथम ॲल्युमिनियमच्या आणि नंतर प्लॅस्टिकच्या बनवू लागली. तेव्हाचे ॲसिटेट जातीचे प्लॅस्टिक कालांतराने वाकडे होई, म्हणून त्या काळच्या कित्येक गाड्या आज केळ्यासारख्या वाकलेल्या आढळतात. पुढे पॉलिस्टायरीन आले आणि हा दोष गेला. १९५८ साली याच कंपनीने सुटे भाग असलेला संच काढला. त्यातून एकच गाडी तीन तऱ्हांनी जोडता येई : कारखान्यातून निघाली तशी, शर्यतीची किंवा हौसेने सजविलेली. इंग्लंडमध्ये एअरफिक्सचा पहिला संच, १९४९ चा फर्ग्युसन ट्रॅक्टर, हाही मुळात जाहिरातीसाठीच होता. जपानमध्ये शिझुओका येथील तामिया ही १९४६ साली सुरू झालेली लाकडाची पेढी १९६० साली प्लॅस्टिककडे वळली. १९७६ च्या पोर्श ९३४ या मोठ्या प्रतिकृतीच्या वेळी माहिती अपुरी पडू लागली, तेव्हा या कंपनीने खरी पोर्श ९११ विकत घेऊन ती सुटी केली. प्रतिकृती करणारे लोक केवढ्या निष्ठेने पाहतात याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

माझी पहिली गाडी

माझ्या मावसभावाने मला दिलेला पहिला संच १९६६ च्या फोक्सवॅगन बीटलचा होता, प्रमाण १:२४. नवशिक्याला ही गाडी फार सोयीची. तिच्या पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांमधील अंतर २४०० मिलिमीटर. त्याला २४ ने भागले की बरोबर १०० मिलिमीटर. पट्टी लावताच हिशेब समजतो.

पण हिशेब एवढ्यावर संपत नाही. संचातील प्लॅस्टिक जवळजवळ एक मिलिमीटर जाड असते. चोवीसने गुणा : खऱ्या गाडीत तो पत्रा २४ मिलिमीटर जाड ठरेल! खरा पत्रा एक मिलिमीटरच्याही आतला. म्हणून चाकांवरच्या कमानी आणि खिडक्यांच्या कडा आतील बाजूने तासून पातळ कराव्या लागतात. बाहेरून दिसते ती फक्त कड. ती पातळ झाली की सगळा पत्रा पातळ वाटतो. रंगाचेही तसेच. रंगाचा दशांश मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या गाडीवर सुमारे अडीच मिलिमीटरचा लेप. दारांच्या फटी त्यात बुजून जातात.

जोडणी

संचातील भाग एका चौकटीला देठांनी चिकटलेले असतात. सुमारे दोनशे अंश तापमानाचे पातळ प्लॅस्टिक पोलादी साच्यात जोराने दाबून ते घडविलेले असते. साच्याच्या दोन अर्ध्या भागांची जेथे गाठ पडते तेथे बारीक शिवण उमटते, आणि साच्यातून भाग ढकलून काढणाऱ्या खिळ्यांचे गोल ठसे राहतात. प्रथम सर्व भाग साबणाच्या पाण्याने धुवावेत, कारण साच्याचे तेल राहिल्यास रंग धरत नाही. भाग हाताने पिळून तोडू नये. कटरने देठ थोडा लांब ठेवून कापावा आणि उरलेला बुंधा पात्याने व पॉलिश पेपरने साफ करावा. पाते नेहमी बोटांपासून दूर जाईल असे चालवावे. ही सूचना मी कोरडेपणाने देत नाही; माझ्या डाव्या अंगठ्यावर तिची खूण आहे.

पॉलिस्टायरीनसाठी मिळणारे द्रावण हा खरे पाहता डिंक नव्हेच. ते दोन्ही पृष्ठभाग क्षणभर विरघळवते, दोन्हीकडचे प्लॅस्टिक एकमेकांत मिसळते आणि द्रावण उडून गेले की सांधा एकजीव होतो. ही एक प्रकारची वेल्डिंगच. म्हणून भाग आधी कोरडे जुळवून पाहावेत, मग फटीवर कुंचल्याचे टोक टेकवावे. द्रव आपोआप आत शिरतो. जेथे रंग किंवा क्रोम लागलेले आहे तेथे हे द्रावण काम करीत नाही. आधी तेवढी जागा खरवडावी लागते. आणि काचांना झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट डिंक कधीही लावू नये. त्याची वाफ काचेवर बसून पांढरे धुके धरते. माझ्या बीटलची पुढची काच अशीच कायमची धुक्यात गेली. काचांना आपला शाळेतला पांढरा डिंक उत्तम; तो सुकल्यावर पारदर्शक होतो.

टायरांविषयी एक इशारा. मऊ टायर ज्या प्लॅस्टिकचे असतात त्यातील मऊपणा आणणारे तेलकट द्रव्य वर्षानुवर्षे बाहेर झिरपते आणि टेकलेल्या पॉलिस्टायरीनला खाते. म्हणून संच न जोडता ठेवायचा असेल तर टायर वेगळ्या पिशवीत ठेवावेत.

रंग

रंगाआधी प्रायमर. त्याने सगळी गाडी एकरंगी होते आणि लपलेले ओरखडे उघडे पडतात. मग रंगाचे पातळ थर, एक जाड थर कधीच नाही. शेवटी पारदर्शक थर, आणि तो पूर्ण वाळल्यावर दोन हजार नंबरच्या पाण्याच्या पेपरने हलके घासून चकाकी. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, तोंडाला योग्य मुखवटा लावावा.

मी पहिला रंग भर जुलैत फवारला आणि सकाळी पाहतो तर निळ्या गाडीवर पांढुरकी झाक! कारण साधे होते. रंगातील द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड करतो. हवेत ओल असेल तर तेथे दंव पडावे तसे पाणी धरते आणि रंगात अडकते. आपल्याकडे पावसाळ्यात फवारणी करू नये, हे मला त्या गाडीने शिकविले.

रंगाची छटाही जशीच्या तशी उतरत नाही. लहान वस्तूवर तोच रंग अधिक गडद भासतो. शुद्ध काळा रंग तर प्रतिकृतीवर भोकासारखा दिसतो. त्यात थोडा पांढरा किंवा तपकिरी मिसळून तो निवळावा लागतो. दारांच्या फटींत पातळ केलेला गडद रंग सोडून वरचा पुसून घेतला की दारे वेगळी दिसू लागतात. खिडक्यांच्या चकचकीत पट्ट्यांसाठी अतिशय पातळ, मागे चिकट असलेला धातूचा वर्ख मिळतो. तो पट्टीवर दाबून बसवावा आणि नव्या पात्याने कडेने कापावा.

तपशील

येथपर्यंत जे सांगितले ते संचाबरोबरच्या कागदावर थोडेफार असते. त्यापुढचे काम म्हणजे तपशील भरणे. बीटलचे इंजिन मागे असते आणि ते हवेने थंड होते. म्हणून तिला रेडिएटर नाही आणि पाण्याच्या रबरी नळ्याही नाहीत. एखाद्याने हौसेने तेथे नळी बसविली तर जाणकार हसतील. मात्र डिस्ट्रिब्यूटरपासून चार प्लगांना जाणाऱ्या चार तारा हव्यात. खरी तार सुमारे सात मिलिमीटर जाड, म्हणजे प्रतिकृतीत ०.२९ मिलिमीटर. विजेच्या जुन्या वायरीतील तांब्याचा एक पदर काळा रंगवला की काम होते. सीटचे पट्टे, पायदानाची रबरे, नंबरपाटीचे स्क्रू असे मी पाच महिने करीत राहिलो. मला वाटले, तपशील म्हणजे जितक्या बारीक वस्तू चिकटवाव्यात तितके चांगले.

गाडी पुरी झाली तेव्हा मी ती बाबांपुढे ठेवली. येथे सांगावयास हवे, की माझे वडील मुंबईत टॅक्सी चालवीत. काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी. ती १९९९ च्या नोंदणीची. वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे २०१९ साली, मी नववीत असताना, ती रस्त्यावरून निघाली आणि भंगारात गेली. बाबांनी बीटल हातात घेतली, प्रथम उलटी करून खालून पाहिली, मग मागचे झाकण उघडले, तारा मोजल्या, आणि म्हणाले, "काम नीट आहे तुझं. पण ही गाडी कधी चाललेलीच नाही."

मला राग आला. पाच महिन्यांच्या कामावर हा एकच शेरा! पण रात्री दिव्याखाली पाहिले तेव्हा पटले. पायदानाची रबरे होती, पण त्यांवर पायाची झीज नव्हती. हँडल होते, पण त्याभोवतीचा रंग कोणत्याही हाताने पुसला नव्हता. मी गाडीच्या वस्तू भरल्या होत्या. तिचा वापर भरला नव्हता. जपानी कारागिरांनी मला मापे दिली होती. आयुष्य त्यांनी द्यायचे नव्हते, ते माझे काम होते.

पद्मिनी

त्यानंतर मी ठरविले की दुसरी गाडी बाबांची करायची. बीटल जगभर २ कोटी १५ लाखांहून अधिक बनल्या, शेवटची ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोत. त्या गाडीचे संच मिळतात, मापांचे तक्ते मिळतात. पद्मिनी म्हणजे मूळची इटालियन फियाट ११००. तिचे उत्पादन मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात होई. पिढ्यान् पिढ्या मुंबई तिच्यात बसली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. तिचा १:२४ चा संच मात्र माझ्या हाती लागला नाही. म्हणून लाकडाचा ठोकळा कोरला, त्यावर तापवून मऊ केलेला पॉलिस्टायरीनचा पत्रा दाबून बसविला आणि खिडक्या कापल्या.

मापे कोठून आणायची? गाडी तर नाही. आसांमधील अंतर २३४० मिलिमीटर हे ठाऊक होते. भागिले चोवीस, साडेसत्त्याण्णव. घरात गणपतीच्या दिवसांत २००८ साली काढलेला एक फोटो निघाला. त्यात टॅक्सी जवळजवळ सरळ बाजूने उभी आहे. फोटोत ते अंतर ६५ मिलिमीटर भरले, म्हणजे फोटोतील माप दीडपट केले की प्रतिकृतीचे माप. अर्थात हे चाकांच्या पातळीत असलेल्या भागांपुरतेच खरे; कॅमेऱ्यापासून दूर असलेले भाग लहान दिसतात, त्यांना हा नियम लावता येत नाही.

उरलेले बाबांना विचारावे लागले. त्यांना मिलिमीटर आठवत नाहीत, हात आठवतो. "हँडलवर चार बोटं मावायची, अंगठा बाहेर." मी त्यांची चार बोटे मोजली : ८० मिलिमीटर. चोवीसने भागून सुमारे ३.३३. आणि मग ते बोलू लागले. मागचे डावे दार सर्वांत सैल, कारण उतारू फुटपाथच्या बाजूलाच उतरतात. चालकाच्या खिडकीच्या पट्टीवर कोपर टेकून टेकून रंग गेलेला. मीटर पूर्वी बाहेर डावीकडे होते; इलेक्ट्रॉनिक मीटर आल्यावर ते आत गेले, पण जुन्या पट्टीची भोके पत्र्यात राहिली. सी.एन.जी.चा सिलिंडर डिकीत, म्हणून सामान टपावरच्या कॅरियरवर, आणि म्हणून पिवळ्या छतावर पेट्यांचे ओरखडे. "सिलिंडरच्या वजनानं पाटे बसले होते. मागून इंचभर खाली असायची ती." इंचभर म्हणजे प्रतिकृतीत एक मिलिमीटर. मी मागचा आस एक मिलिमीटर वर सरकविला, गाडी मागे बसली आणि टेबलावर प्रथमच आमची टॅक्सी उभी राहिली. बीटलवर चिकटविलेल्या साऱ्या बारीक वस्तूंपेक्षा तो एक मिलिमीटर मोठा होता.

एका बाबतीत मात्र आमचा वाद झाला. कॅरियरला पाच दांडे होते असे बाबांचे म्हणणे. फोटोत चारच दिसत होते. माणसाची आठवण खरी की कागद खरा? साधनांची चिकित्सा हा आम्हां इतिहासाच्या विद्यार्थ्यांना वर्गात शिकविला जाणारा विषय. तो असा घरात, कॅरियरवर बसून येईल असे वाटले नव्हते. दोन दिवसांनी बाबांना आठवले की पहिला कॅरियर मोडला होता आणि फोटोनंतर कधीतरी नवा जोडून घेतला होता. फोटोही खरा आणि आठवणही खरी. दोन्हींची तारीख निराळी. त्यावरून मी एक नियम शिकलो : प्रतिकृतीला तारीख हवी. 'पद्मिनी' अशी कोणतीही गाडी नसते. अमुक वर्षाची, अमुक माणसाने चालविलेली पद्मिनी असते.

मग तारीख कोणती धरावी? मी म्हणालो, शेवटचा दिवस. सगळ्या खुणा त्या दिवशी गाडीवर असणार. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेवटच्या दिवसाची नको रे. त्या दिवशी मी मीटर, कॅरियर, आरसा सगळं काढून ठेवलं होतं. ती गाडी नव्हती, सामान होतं. धंद्याच्या दिवसाची कर. कुठल्याही."

मी २०१६ चा जून धरला आहे, पावसाच्या आधीचा. कॅरियरला पाच दांडे आहेत. हा लेख लिहिताना सीटा बसल्या आहेत, काळा रंग लागला आहे, निवळलेला काळा; छत पिवळे व्हायचे राहिले आहे. पावसाळा सरला की ते करीन. संध्याकाळी बाबा शेजारी खुर्ची ओढून बसतात. पूर्वी धंद्याविषयी ते घरात फारसे बोलत नसत. आता एखादा भाग हातात घेतला की त्याची हकीगत निघते, आणि मी ती वहीत तारखेसह उतरवून ठेवतो.

शेवटी

ज्यांना हा छंद लावून घ्यावासा वाटेल त्यांनी महागडी हत्यारे घेऊन सुरुवात करू नये. एक चांगला कटर, एक पाते, तीन-चार नंबरांचे पॉलिश पेपर, जोडद्रावणाची बाटली आणि स्वस्तातला एखादा संच पुरेसा आहे. पहिली गाडी बिघडणारच. ती टाकू नये, तिच्यावर पुढचे रंग तपासून पाहावेत. माझी धुके धरलेली बीटल अजून त्याच कामावर आहे.

आणि ज्यांना यातले काहीच करावयाचे नाही त्यांनाही एक विनंती. आपल्या घरातही एखादे शिवणयंत्र असेल, एखादी सायकल असेल, आईचा जुना स्टोव्ह असेल. ती वस्तू घरात आहे तोवर एकदा पट्टी घेऊन मोजावी, कोठे झिजली आहे ते पाहावे, आणि ती वापरणाऱ्याला त्या झिजेचे कारण विचारावे. मी चौदा वर्षे त्या टॅक्सीत बसलो आणि कॅरियरला किती दांडे आहेत हे कधी मोजले नाही. "अजून खेळण्यातल्या गाड्यांशी खेळतोस?" या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे, की मी ते उशिराने मोजतो आहे.